गुप्त मतदानाचा आडोसा

देजिदमा आजींचे गुडघे धरलेत म्हणून मतपेटीच जीपमधून ऐंशी किलोमीटर माळ तुडवत त्यांच्याकडे आली. पेटीमागे अधिकारी पुरेव, तीन पक्षांची तीन माणसं, आणि लोकशाहीवर नजर ठेवायला सोलहून आलेल्या स्वयंसेवी संस्थेचे निरीक्षक प्यो. संस्थेचा नियम कडक होता: नुसतं बघायचं, कशाला हात लावायचा नाही.

आजींना शेजाऱ्यानं कालच उन्हाळी मुक्कामावर ट्रकनं आणून सोडलं होतं. मुलं उलानबातरला. तंबूचं सामान तसंच बांधलेलं आणि त्याच्यावर आजी, उघड्यावर.

"द्या आजी मत," पुरेव म्हणाला.

"अशी चारचौघांत? मत गुप्त असतं ना रे? आडोसा कुठाय?"

पुठ्ठ्याचा आडोसा वाटेत वाऱ्यानं नेला होता. सगळ्यांनी प्योंकडे पाहिलं.

"आडोशाशिवाय मत बाद," प्यो मोडक्या मंगोल भाषेत म्हणाले.

"मग तंबू उभारा की! माझी कुठं ना आहे?"

दोन तासांनी तिन्ही पक्ष एकाच दोरीला लोंबकळत होते आणि प्यो मधला खांब कवटाळून उभे होते. आजींनी आत जाऊन अगदी गुप्तपणे मत दिलं, सगळ्यांना खारट चहा पाजला आणि टुणकन घोड्यावर बसून मेंढ्या वळवायला निघाल्या.





"पुरेव," घोड्यावरूनच आजींनी हाक मारली, "ऑक्टोबरातल्या निवडणुकीलाही माझं नाव आजाऱ्यांतच घाल हं. तेव्हा हा तंबू मोडून हिवाळी मुक्कामाला न्यायचाय!"