मधला थेंब

थंड होणाऱ्या चकतीवर शुद्ध पाण्याचे नऊ थेंब ठेवून ती तापमानाकडे डोळे लावून बसली होती. उणे वीस अंशांपर्यंत एकही गोठायला नको होता. उणे आठलाच मधला थेंब पांढरा पडला, कालच्यासारखाच. ठरावीक मातीचा कण घातला की थेंब उणे आठला गोठतो, हा तिच्या मार्गदर्शक सरांचा गाजलेला शोध याच चकतीवरचा; मातीचा थेंब ते कायम मधोमध ठेवायचे. सांगावं तर त्यांची तीस वर्षं पाण्यात, गप्प बसावं तर त्याच शोधावर उभा तिचा प्रबंध खोटा. “सर, यात माती नाहीये,” शेजारी उभ्या सरांना ती चाचरत म्हणाली. सरांनी थेंब बोटाने वितळवून पुसला आणि तिथे नख फिरवलं. केसाएवढा ओरखडा होता. “यामुळे गोठतं. माझ्याच हातून पडलाय.” त्यांनी वही पुढे सरकवली. “लिही.” तिला पेन उचलवेना. “लिही गं. मी तेव्हाच लिहायला हवं होतं.”