पूर्णविरामासकट

"तिने हातमोजा काढला स्वल्पविराम त्याच्याकडे न बघता म्हणाली स्वल्पविराम अवतरणचिन्ह सुरू..."

"अहो," पलंगावरून बायको म्हणाली, "ते स्वल्पविराम तेवढे मनातल्या मनात ठेवा की."

"सवय आहे," प्रूफवाले म्हणाले, आणि पुढच्याच ओळीला ठणठणीत पूर्णविराम वाचून मोकळे झाले.

सवय कसली, हाडात मुरलं होतं ते. छापखान्यात उभी हयात अशीच गेली. एकाने विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर ताडून बघायचं. लेखकाच्या मजकुरात काना-मात्रेचाही फरक करायचा नाही. "पदरचा एक शब्द घालीन तर नाव सांगणार नाही," असं ते सगळ्यांना ऐकवत. गल्लीत त्यांना प्रूफवाले म्हणत, ते याच कडकपणामुळे.

घरातही त्यांनी पदरचा शब्द कधी खर्चला नव्हता. बायकोने एकदा विचारलं होतं, "मी नसले तर काय कराल हो?" त्यावर त्यांनी नीट विचार करून उत्तर दिलं होतं, "दूध अर्धा लिटर कमी घेईन." ती गोष्ट ती अजून सगळ्यांना हसत हसत सांगे. हसण्यावारी न्यायची म्हणून सांगे, एवढंच.

आता तिच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि पट्टी सुटेपर्यंत वाचून दाखवायचं काम यांच्या गळ्यात पडलं होतं. पुस्तक तिनेच सांगितलं, अगदी कपाट आणि फळीसकट. जुन्या काळच्या एका जागतिक प्रदर्शनात घडणारी प्रेमकहाणी. देशोदेशीचे मंडप, काचेचे महाल, आणि आकाशपाळण्याची तिकिटं फाडणारी एक मुलगी. तिचा जीव जडतो तो रोज संध्याकाळी प्रदर्शनाचे दिवे लावणाऱ्या एका घुम्या कारागिरावर.

"असलं काय वाचायचं," म्हणून प्रूफवाल्यांनी आधी नाक मुरडलं. पण दोन प्रकरणं झाली आणि मग रोज चहा झाला की चष्मा पुसत तेच खुर्ची ओढू लागले.

"एक मात्र ध्यानात ठेवा," बायकोने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, पट्टी आहे तोवर डोळ्यांतून टिपूस येता कामा नये. नाहीतर सगळं केलेलं पाण्यात."

"प्रेमकथेत कसलं आलंय रडू," ते म्हणाले होते.

आणि आता शेवटचं प्रकरण उरलं होतं. दुपारी तिचा डोळा लागला तेव्हा त्यांनी पुढची पानं चाळायला घेतली. पुस्तक आपसूकच शेवटाशी उघडलं. तिथली पानं फुगलेली, सुरकुतलेली होती. दमट कपाट, दुसरं काय, असं पुटपुटत त्यांनी वाचलं, मग चष्मा पुसून परत वाचलं.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी विजेच्या मंडपाला आग लागते. दिवेवाला अडकलेल्यांना एकेक करून बाहेर काढतो आणि स्वतः आतच राहतो. तिकीटवाली फाटकाशी उभी. संपली गोष्ट.

शेजाऱ्यांचं बिऱ्हाड हललं तरी रुमाल शोधणारी ही बाई. हिला हे वाचून दाखवायचं म्हणजे डोळ्यांवर आपल्याच हाताने पाणी सोडायचं. बरं, पुस्तक हरवलं म्हणावं तर विश्वास कोण ठेवणार? प्रूफवाल्यांना त्या दुपारी चहासुद्धा गोड लागला नाही.

संध्याकाळी ते वाचायला बसले. आग लागली, धूर झाला. "दार कोसळलं पूर्णविराम," त्यांनी वाचलं आणि ते थांबले.

"थांबलात का?"

"चष्मा," ते म्हणाले. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या मजकुरात पदरचं घातलं.

"तेवढ्यात धुरातून तो बाहेर आला. कोट जळालेला, भुवया जळालेल्या. फाटकाशी ती उभी होती."

"मग?"

"मग तो म्हणाला..." त्यांनी पानाकडे बघितलं. तिथून मदत मिळण्यासारखी नव्हती. "तो म्हणाला, मला बोलता येत नाही. पण रोज पहिला दिवा मी तुझ्या खिडकीसमोरचा लावतो. सांगायचं काय त्यात, असं वाटायचं मला. आज आत काही दिसेना, तेव्हा मरायची भीती नाही वाटली. तू एकटी जेवशील, याची वाटली. आणि तू गेलीस तर मी काय करणार? मला अजून एका कपाचा चहा करता येत नाही. नेहमी दोनच होतात."

प्रदर्शनात चहा कुठून आला, हे त्यांचं त्यांनाच कळेना. घाईघाईने त्यांनी जोडलं, "पूर्णविराम."

त्यांनी पुस्तक खाली करून पलंगाकडे बघितलं.

"रडत नाहीस ना गं?"

"छे," ती भिंतीकडे वळत म्हणाली. "ते चहाचं तेवढं परत वाचा."

त्यांनी परत वाचलं. या खेपेला ते बरंच लांबलं.

पट्टी सोडायच्या दिवशी दवाखान्यात रांग असणार, म्हणून प्रूफवाल्यांनी तेच पुस्तक काखेत मारलं होतं. डॉक्टरीणबाईंनी पट्टी उलगडली, कापूस काढला आणि म्हणाल्या, "हा ओला कसा?"

प्रूफवाल्यांनी पुस्तक काखेत आणखी दाबलं.

"सांगा, समोर काय दिसतंय?" बाईंनी विचारलं.

बायको कितीतरी वेळ नवऱ्याकडे बघत राहिली. "भुवया शाबूत आहेत," ती म्हणाली.

"पण बाई, ती रडली वाटतं," प्रूफवाले काकुळतीला आले. "तुम्ही मनाई केली होती ना?"

"रडायला? मी कशाला मनाई करू? डोळे चोळू नका म्हटलं होतं फक्त." एवढ्यात बाईंचं लक्ष काखेतल्या पुस्तकाकडे गेलं आणि त्या हसल्या. "अजून हेच चाललंय? दर तपासणीला बाहेरच्या बाकावर हेच घेऊन बसलेल्या असायच्या या. मला तर शेवटही सांगून टाकला होता. तो दिवेवाला आगीत जातो ना?"