समुद्रावरचे सहा दिवस

तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना शिंक आली. त्यांनी उशीत तोंड खुपसलं, तरी आवाज व्हायचा तो झालाच.

ती, नवरा आणि सासूबाई, तिघंही जागच्या जागी थिजली. जिन्यात कुणाची तरी पावलं होती. ती खाली उतरून गेली, तेव्हा कुठे नवऱ्याने श्वास सोडला.

"आई, जरा हळू!"

"शिंक काय विचारून येते? जन्मात पहिल्यांदा समुद्रावर आले, आणि नाक शिंकरायचीसुद्धा चोरी," सासूबाई कुजबुजल्या.

इमारतीच्या लेखी हे कुटुंब समुद्रावर गेलं होतं. शनिवारी सकाळी चारचौघांदेखत बॅगा घेऊन ती टॅक्सीत बसली, दिवसभर स्टेशनवर बसून राहिली आणि दिवेलागणीला मागच्या जिन्याने गुपचूप घरी परतली.

नवरा घरांचे विमे विकत असे. मंदी आली तशी लोकांनी पहिली कात्री विम्यालाच लावली. महिनाअखेरपर्यंत पाच जुन्या गिऱ्हाइकांनी हप्ता भरला नाही तर एजन्सी काढून घेऊ, असं कंपनीने लेखी कळवलं होतं. "एजंटच सुकलेला दिसला तर लोक भरवसा कशावर ठेवतील?" असं म्हणून त्याने यंदाच्या सहलीचा भरपूर गाजावाजा केला. सहलीसाठी साठवलेले पैसे मात्र केव्हाच घरभाड्यात गेले होते.

सोंग लागू पडलं. चार हप्ते आले. पाचवा वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांचा. नवरा त्यासाठी दोनदा वर जाऊन आला होता. पण ते दोघं नवराबायको शुक्रवारीच पंधरा दिवसांसाठी परदेशी गेले. "परत आलो की पहिलं काम तुमचंच," असं जाताना सांगून गेले होते.

तेव्हा आता फक्त सहा दिवस काढायचे होते. पडदे ओढलेले, दिवे बंद, पायांत मोजे. कुकर लावायचा नाही. दुपारी नवरा न्हाणीघरात बसून एकेका गिऱ्हाइकाला फोन करी आणि ती शेजारी बसून बादलीत हात फिरवी, म्हणजे लाटांचा आवाज येई.

"काय हवा आहे हो इथं! निघावंसंच वाटत नाही," तो फोनवर म्हणे. ती हात फिरवत राही. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिची बारा वर्षं गेली होती, पण पाण्याचा असला उपयोग तिने कधी केला नव्हता.

शिंकेच्या दिवशीच, सकाळी आंघोळ करताना तिच्या मानेवर थेंब पडला. मग दुसरा. वरच्या न्हाणीघराचा पाइप छतातून खाली येत होता. त्याच्या सांध्यातून पाणी झिरपत होतं. पंधरा मिनिटांनी ते आपोआप थांबलं.

दुसऱ्या दिवशी ती घड्याळ घेऊनच खाली उभी राहिली. सव्वासातला थेंब सुरू झाले. तिने तळहात पुढे केला. पाणी कोमट होतं. बोटं एकमेकांवर घासली, तर बुळबुळीत लागली. साडेसातला थांबलं. पावणेआठला पुन्हा सुरू झालं.

"वर कुणीतरी आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "एक नाही, दोघं आहेत."

"पाइप फुटला असेल."

"फुटलेला पाइप घड्याळ बघून गळत नाही. आणि पाणी साबणाचं आहे. गरम केलेलं."

"मग काय, चोर आंघोळीला आलेत?"

"पारोसे निघाले असतील घरून," सासूबाई म्हणाल्या.

तिला हसू आलं नाही. रिकामं घर हेरून कुणी मुक्काम ठोकला असेल; दिवसच असे होते. नवऱ्याने दंतवैद्यांना फोन लावला. बंद होता. मग तोही चपापला. हप्ता भरलेला नव्हता. घर धुऊन नेलं तर कंपनी दमडी देणार नव्हती.

"पोलिसांना कळवू या," ती म्हणाली.

"आणि काय सांगू? समुद्रावरून ऐकू आलं? अगं, सगळी इमारत जमेल. ज्यांनी भरलेत तेही उद्या पैसे परत मागायला येतील. दोन दिवस कळ काढ."

तिने एक दिवस काढला. पुस्तक वाचायला घेतलं, मिटलं. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कपाटाचं दार करकरलं. प्रत्येक आवाजाला दंतवैद्यांच्या घरातली एकेक वस्तू तिच्या डोळ्यांसमोरून बाहेर जात होती. पाचव्या दिवशी सकाळी थेंब सुरू होऊन थांबले, तशी ती दाराकडे निघाली.

"कुठे निघालीस?"

"शेजाऱ्याचं घर लुटलं जात असताना खाली बसून लाटा करायच्या? मला नाही जमणार. नुसती दाराला कान लावून येते. आत कुणी असलं तर पोलिसांना फोन करायचा. मग एजन्सी जाते की राहते, ते बघू."

नवऱ्याने तिचा हात धरला. तिने तो हळूच सोडवला. मोज्यांनिशीच ती जिना चढली.

वरचं दार बंद होतं. कुलूप तोडल्याची काही खूण नव्हती. तिने कान टेकला. आत कुणीतरी अगदी दबक्या पावलांनी दारापाशी आलं आणि थांबलं. दोघांच्या मधे आता फक्त फळी होती. वळून पळावं, असं मनात येतंय तोच दार वीतभर उघडलं, एक ओला हात बाहेर आला आणि त्याने तिला मनगटाला धरून आत ओढलं.

केसांना टॉवेल गुंडाळलेली दंतवैद्यांची बायको समोर उभी होती. मागे, ओढलेल्या पडद्यांच्या अंधारात, दंतवैद्य मोज्यांवर उभे होते.

"वहिनी! दाराच्या भिंगातून बघते तर तुम्ही! तुम्ही समुद्रावर ना?"

"आणि तुम्ही? तुम्ही तर परदेशात—"

"हळू बोला हो! भाऊजी तिसऱ्यांदा हप्ता मागायला वर येऊ नयेत, म्हणूनच तर गेलोय आम्ही परदेशात."