ऋणातच राहू इच्छितो

"अहो, हे लाल काय दिसतंय?" चहाचा कप लॅपटॉपशेजारी ठेवत बायकोने विचारलं.

मी छाती फुगवून बसलो होतो. ज्वारीच्या खोडकिडीवरचं माझं पुस्तक प्रकाशकांनी वाङ्मयचौर्य पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून तपासून पाठवलं होतं. उचलेगिरी केली म्हणून कॉलेजात मुलांना मीच फैलावर घेतो, त्यामुळे जरा धाकधूक होती. पण अख्खं पुस्तक स्वच्छ निघालं. लाल झाली होती ती फक्त ऋणनिर्देशातली शेवटची ओळ. बायकोने ती मोठ्याने वाचली, "पत्नीचे आभार मानून मी तिला परके करणार नाही, तिच्या ऋणातच राहू इच्छितो."

सॉफ्टवेअरने शेजारी मूळ मालकाचं नावही दिलं होतं. आमच्याच विभागातले येवलेकर.

"म्हणजे येवलेकरवहिनींचे उरलेले आभार मला?"

"अगं, सगळेच असं लिहितात. पद्धतच आहे तशी."

"उखाणेही सगळ्याजणी पाठ केलेलेच घेतात. मी आपल्या लग्नात स्वतः जुळवला होता. आठवतोय ना?"

मी घाईघाईने ती ओळ खोडली आणि स्वतःची लिहायला बसलो. चहा गार झाला तरी कागद, म्हणजे स्क्रीन, कोराच. खोडकिडीची अंड्यापासून पतंगापर्यंतची कुंडली मला तोंडपाठ आहे. त्या उखाण्यातलं मात्र फक्त माझं नाव आठवत होतं.