तो थांबला का नाही

कारखान्यात हायड्रोजनच्या पाइपला आधीच आग लागलेली होती आणि ऑपरेटर शांतपणे चालत सरळ तिच्यात शिरला, असं चौकशीत निघालं. लोक काय समजायचं ते समजले. त्या सकाळी घरात कडाक्याचं भांडण झालं होतं, त्यामुळे त्याची बायकोही तेच समजली आणि तोंडाला कुलूप लावून बसली.

अपघाताचा अभ्यास करणाऱ्या संशोधक बाईंनी एके दिवशी तिला प्रयोगशाळेत बोलावलं. मागच्या आवारात, भर उन्हात, एक बारीक नळी उभी केलेली होती.

“ताई, समोर काय दिसतंय?”

“नळी. दुसरं काही नाही.”

बाईंनी लांब दांड्याचा झाडू नळीच्या तोंडावर धरला. तो भसकन पेटला.

“हायड्रोजनची आग आहे ही. उन्हात डोळ्यांना दिसत नाही, धूरही निघत नाही.”

ती जळत्या झाडूकडे बघत राहिली. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडली.

“म्हणजे ते संध्याकाळी घरी येणार होते,” ती म्हणाली.