ताटावरचा उजेड

नव्या घरात दिवे एकवीस होते. बैठकीत सात, झोपायच्या दोन खोल्यांत मिळून सहा, स्वयंपाकघरात चार, न्हाणीघरात एक, आणि जेवणाच्या टेबलावर काळ्या टोप्यांचे तीन, लांब वायरींना लोंबणारे. ते बसवून तीन महिने झाले होते. कुठे किती उजेड पडतो ते तपासायला दिव्यांच्या दुकानातली मुलगी आली होती. सकाळचे अकरा वाजले होते, म्हणून तिनं आधी सगळे पडदे ओढून घेतले. मोजायचं तर त्यात उन्हाची भेसळ नको.

ओट्यापाशी सासूबाई वाटाणे सोलत बसल्या होत्या. मुलीनं उजेड मोजायचा मीटर ओट्यावर आडवा ठेवला आणि त्यांच्याकडे बघून म्हणाली, "पाचशे दहा लक्स. चिरायला, निवडायला छान उजेड आहे, आजी."

"म्हणजे आता बोट कापलं तर दोष माझाच," सासूबाई म्हणाल्या. "काय गं दिवेवाली, तुझ्या यंत्राला वजन कळतं का? आमच्या सूनबाई रोज काट्यावर उभ्या राहून काट्यालाच रागावतात."

मुलगी हसली. दारात उभी असलेली सून हसली नाही. तिनं मुलीला खुणेनं बाहेर बोलावलं.

"बघितलंत? तुमच्याशी कशा बोलल्या! जुन्या घरी माझ्याशीही अशाच बोलायच्या, तासन् तास. इथे आलो आणि टेबलावर तोंडातून शब्द नाही. काही विचारलं की नुसतं हो हो. आता तर ताट घेऊन आतच बसतात. उद्या नणंद न्यायला येतेय. कायमचं. बॅगही भरून झाली त्यांची." तिनं टेबलावर नसलेलं काहीतरी पुसलं. "माझं काय चुकलं तेवढं तरी सांगावं ना."

मुलीनं मीटर टेबलावर ठेवला. दोनशे ऐंशी. जेवणाला पुरून उरेल इतका.

"दिवे मीच निवडले," सून म्हणाली. "ताट कसं खुलून दिसतं बघा."

तेवढ्यात सासूबाई सोललेल्या वाटाण्यांचं भांडं घेऊन बाहेर आल्या. वहीत आकडा लिहिता लिहिता मुलगी म्हणाली, "आजी, तुमची खुर्ची कोणती?"

"हो हो, इथेच ठेवते," म्हणत त्यांनी भांडं टेबलावर ठेवलं आणि आत गेल्या.

सुनेनं "पाहिलंत ना" असं बघितलं. मुलगी मात्र वहीकडे बघत थांबली होती. स्वयंपाकघरात ती आजींकडे तोंड करून बोलली होती. आत्ता मान खाली होती.

"त्यांची खुर्ची कोणती?" तिनं सुनेला विचारलं.

सुनेनं दाखवली. मुलगी त्या खुर्चीत बसली आणि सुनेला समोर बसवलं. सुनेचे हात लख्ख दिसत होते, बांगडीवरचा ओरखडासुद्धा. हनुवटीपासून वर अंधार. काळ्या टोप्या सगळा उजेड खाली ढकलत होत्या. टेबलावर मीटर आडवाच ठेवायचा असतो, आणि तिनंही तसाच ठेवला होता. आता तिनं तो सुनेच्या तोंडासमोर उभा धरला. चौदा.

तिच्या पेटीत नमुन्याचा एकच गोळा होता, दुधी काचेचा. मधल्या दिव्याची टोपी काढून तिनं तो बसवला, वायर हातभर वर घेतली आणि बाजूचे दोन्ही दिवे बंद केले. मग आत जाऊन आजींच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "जरा टेबलाशी बसता का? मोजायचंय."

त्या येऊन बसल्या.

"ताई, मला जे म्हणालात ना," मुलगी सुनेला म्हणाली, "ते आता त्यांना विचारा."

सुनेनं पदराशी चाळा केला. "आई, माझं काही..." एवढंच म्हणाली. तिचे डोळे भरून आले आणि तिनं मान फिरवली. पुढचं वाक्य पडद्याशी बोलली.

"तोंड वळवू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "ओठ दिसले नाहीत तर मला कळत नाही."

सून हळूच वळली. "ऐकू येत नाही तुम्हाला?"

"येतं की. थोडं. बाकीचं मी बघून भागवते. इथे बघायलाच मिळत नव्हतं. उगाच भलतंसलतं बोलून हसं करून घेण्यापेक्षा आत बसून जेवलेलं बरं."

"मग सांगायचं नाही का, आई?"

"कसं सांगू? दिवे केवढ्या हौसेनं आणलेस तू. आणि बहिरी म्हणून मिरवायची मलाही काही घाई नव्हती."

"मी तीन महिने विचार करतेय, माझं काय चुकलं."

"चुकतं की. आमटीत मीठ कमी पडतं. पण तेवढ्यासाठी कोणी घर सोडतं होय?"

सून रडता रडता हसली. "उद्या ताई न्यायला येतायत."

"येऊ दे. जेवून जा म्हणावं तिला."

मोजताना माणसांनी हलायचं नसतं. मुलीनं दोनदा तसं सांगितलं. दोघींपैकी कोणीच तिच्याकडे बघत नव्हतं. शेवटी टेबलावरून हात लांब करून तिनं एकेकीच्या तोंडासमोर मीटर धरला, आणि वहीत लिहिलं: सुनेच्या चेहऱ्यावर ब्याण्णव, सासूबाईंच्या चेहऱ्यावर अठ्ठ्याऐंशी.