उतरती रेघ

“मॅडम, एकेकाळी जगभरचे संशोधक तुमच्या पेपरचा संदर्भ द्यायचे. आता कुणीच देत नाही.” संचालकांनी आलेख पुढे सरकवला. त्यातली रेघ उतरत उतरत तळाला टेकली होती. “अशानं बढतीचं अवघड आहे.”

तिनं आलेख घडी करून पर्समध्ये ठेवला. तहानलेल्या ज्वारीचं मूळ पानाला निरोप कसा धाडतं, हे जनुकांपर्यंत जाऊन सिद्ध करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. तेव्हा रांगणारी शाल्मली, तिची लेक, प्रयोगाच्या कुंड्यांतली माती खात मोठी झाली होती.

ती घरी आली तेव्हा शाल्मली येरझाऱ्या घालत बारावीचा धडा पाठ करत होती. “पाणी कमी पडलं, की मूळ पानाला निरोप पाठवतं आणि पान आपली छिद्रं मिटून घेतं.”

तिचा हात चपलेच्या पट्ट्यावरच थांबला. “हे कुणी शोधलं ते पुस्तकात दिलंय का गं?”

“छे! त्यात शोधायचं काय, आई? सगळ्यांना माहीतच असतं हे.”

तिला आलेखातली ती तळाला टेकलेली रेघ आठवली. मग तिला हसू आलं.

“हो,” ती म्हणाली, “आता असतं.”